कोराडी औष्णिक विद्युत केंद्र

कोराडी औष्णिक विद्युत केंद्र : महाराष्ट्राच्या नागपूर जिल्ह्यातील कोळशावर चालणारे वीजनिर्मिती केंद्र. नागपूर शहराच्या उत्तरेस, कामठी तालुक्यात, जगदंबेच्या देवस्थानामुळे विदर्भभर परिचित असलेल्या कोराडी गावालगत ते वसलेले आहे. केंद्राची मालकी व संचालन महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीकडे, म्हणजेच महानिर्मितीकडे आहे. 660 मेगावॉटचे तीन संच आणि 210 मेगावॉटचा एक जुना संच मिळून केंद्राची स्थापित क्षमता 2,190 मेगावॉट होते. येथून काही किलोमीटर अंतरावर, सावनेर तालुक्यात, 1,340 मेगावॉटचे खापरखेडा केंद्र आहे. दोन्ही केंद्रांचा कोळसा, पाणी आणि राख यांचे प्रश्न इतके गुंतलेले आहेत की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 1960 मध्ये झाली. त्यानंतरच्या दशकात मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातील उद्योगांची आणि ग्रामीण भागातील कृषिपंपांची मागणी वाढत गेली, आणि ती कोयनेच्या जलविद्युतेवर भागणार नव्हती. कोळसा मात्र राज्याच्या पूर्व टोकाला होता. कामठी, उमरेड, वर्धा खोरे ही कोळसाक्षेत्रे विदर्भात असल्याने कोळसा पश्चिमेकडे वाहून नेण्यापेक्षा खाणींच्या जवळ वीज तयार करून ती उच्चदाब वाहिन्यांनी पाठवणे स्वस्त पडते, या साध्या हिशेबातून कोराडीची जागा ठरली. पेंच नदीचे पाणी आणि नागपूरसारखे रेल्वे जंक्शन जवळ असणे ही आणखी दोन कारणे होती. या निर्णयाचा दुसरा अर्थही नोंदवला पाहिजे : वीज राज्यभर गेली, राख आणि धूर नागपूर-चंद्रपूरच्या वाट्याला आले, आणि विदर्भातील विकासाच्या अनुशेषाच्या चर्चेत हा मुद्दा आजतागायत येत असतो.

पहिला संच 1974 मध्ये सुरू झाला आणि 1976 पर्यंत 120 मेगावॉटचे चार संच उभे राहिले. त्यांची क्षमता पुढे 105 मेगावॉट अशी कमी नोंदवण्यात आली. 1978 मध्ये 200 मेगावॉटचा पाचवा, तर 1982 व 1983 मध्ये प्रत्येकी 210 मेगावॉटचे सहावा व सातवा हे संच आले. कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या विद्युत विहार वसाहतीमुळे कोराडीला एका छोट्या औद्योगिक नगराचे रूप आले. 2005 मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन केंद्र महानिर्मितीकडे आले. तोपर्यंत पहिले संच म्हातारे झाले होते, आणि राज्य त्या काळात कडक भारनियमन सोसत होते. जुने संच टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्यात आले. सहाव्या संचाचे जागतिक बँकेच्या साहाय्याने नूतनीकरण झाले, आणि 2015 ते 2017 या काळात 660 मेगावॉटचे आठवा, नववा व दहावा हे संच कार्यान्वित झाले.

नव्या संचांचे तंत्र मूलतः वेगळे आहे. जुन्या बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) ड्रम असतो आणि त्यात पाणी व वाफ वेगळी होतात. नव्या संचांत पाण्याचा दाब 221 बार या क्रांतिक मर्यादेच्या वर नेला जातो. या मर्यादेपलीकडे पाणी उकळून वाफ होण्याची वेगळी अवस्थाच राहत नाही, म्हणून ड्रमही लागत नाही. दाब व तापमान वाढल्यामुळे त्याच कोळशातून अधिक वीज मिळते. जुन्या संचांची कार्यक्षमता 33 ते 35 टक्क्यांच्या आसपास असे, तर अशा संचांत ती 38 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते.

थंड पडलेला संच पुन्हा चालू करणे हे अनुभवी हातांचे काम आहे. प्रथम भट्टीत तेलाच्या बर्नरने ज्योत पेटवतात, यालाच कामगारांच्या बोलीत ‘लाइट अप’ म्हणतात. वाफेचा दाब व तापमान हळूहळू वाढवले जाते, कारण जाड धातूचे भाग असमान तापले तर त्यांना तडे जाण्याचा धोका असतो. टर्बाइनचा रोटर टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबून तापू देत, मिनिटाला 3,000 फेऱ्यांपर्यंत नेतात आणि मगच जनित्र ग्रिडशी जोडले जाते. त्यानंतर गिरण्यांत पिठासारखा दळलेला कोळसा गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडून तेल बंद करतात. संच बंद झाल्यावरही काम संपत नाही. टनावारी वजनाचा तप्त रोटर एका जागी थांबला तर वाकतो, म्हणून तो थंड होईपर्यंत बॅरिंग गिअरवर संथपणे फिरवत ठेवावा लागतो. कोणत्या वेळी किती वीज द्यायची, हे राज्यातील विजेची मागणी व पुरवठा यांचा मेळ घालणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राच्या सूचनांनुसार ठरते. दुपारी सौरऊर्जा भरपूर असताना भार कमी करणे आणि संध्याकाळी तो झपाट्याने वाढवणे, ही मागणी आता या संचांवर येते. स्थिर भारासाठी बांधलेल्या यंत्रांना ती जड जाते.

कोळसा प्रामुख्याने नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून, तसेच छत्तीसगड व ओडिशातून येतो. विजेच्या एका युनिटमागे साधारण 650 ग्रॅम कोळसा धरला, तर 660 मेगावॉटच्या तीन संचांना पूर्ण भारावर दिवसाला सुमारे 30 हजार टन कोळसा, म्हणजे सात-आठ मालगाड्या लागतात. वॅगन टिपलरवर डबा उलटा करून कोळसा ओततात, तो क्रशरमध्ये फोडून पट्ट्यांवरून बंकरकडे, म्हणजे साठवणीच्या मोठ्या कोठीकडे जातो. पावसाळ्यात ओला, चिखलमिश्रित कोळसा बंकरच्या तोंडाशी अडकतो आणि तो मोकळा करण्याचे कष्टाचे काम कोळसा हाताळणी विभागातील कामगारांवर पडते. त्यांतील अनेकजण कंत्राटी असतात.

पाण्याचा विषय कोराडीच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग आहे. एका युनिटमागे सुमारे 3 लिटर पाणी धरले तरी नव्या तीन संचांची दिवसाची गरज 14 कोटी लिटरच्या घरात जाते, आणि त्यातील बहुतांश पाणी शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन उडून जाते. पेंचच्या जलाशयांवर नागपूरचे पिण्याचे पाणी आणि रामटेक, पारशिवनी, मौदा भागातील सिंचन हे दोन्ही अवलंबून असल्याने तिसरा मोठा वाटेकरी आणणे अन्यायाचे झाले असते. त्यावर नागपूर महानगरपालिका व महानिर्मिती यांनी काढलेला तोडगा देशात दाखल्यादाखल सांगितला जातो : शहराचे सांडपाणी भांडेवाडी येथील दिवसाला 13 कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध करून नळाने कोराडीला नेले जाते आणि महानिर्मिती त्याचे पैसे मोजते. पुढे 20 कोटी लिटर क्षमतेचे आणखी एक केंद्र उभे राहिल्यावर ही व्यवस्था विस्तारली. पूर्वी नाग नदीत जाणाऱ्या मैल्याला यामुळे मोल आले आणि पेंचवरचा भार हलका झाला.

राखेच्या बाबतीत असे समाधान मिळालेले नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 40 टक्के असते. त्यामुळे वरील हिशेबाने पूर्ण भारावर दिवसाकाठी 10 हजार टनांच्या आसपास राख निघते. तिचा सुमारे चार-पंचमांश भाग धुरासोबत उडतो व स्थिरविद्युत अवक्षेपकात, म्हणजे धुरातील कण विजेच्या भाराने ओढून घेणाऱ्या यंत्रात, पकडला जातो, तर उरलेला भट्टीच्या तळाशी जमतो. कोरडी राख सिमेंट, विटा व रस्त्यांच्या भरावासाठी जाते. शिल्लक राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात बंधाऱ्याचा पृष्ठभाग सुकला की राख वाऱ्यावर उडून घरांवर, कपाशीवर व भाजीपाल्यावर बसते. जुलै 2022 मध्ये पावसात खसाळा येथील राख बंधारा फुटून राखेचा चिखल परिसरात पसरला. त्याच वर्षी पारशिवनी तालुक्यातील नांदगावच्या बंधाऱ्यात राख टाकण्याला ग्रामस्थांनी विरोध केला आणि राज्य शासनाला ते काम थांबवावे लागले. राखेचा वापर शंभर टक्के करावा, असे केंद्र शासनाचे नियम सांगतात. बंधारा आणि बाजारपेठ यांमधील अंतर भरून काढण्याचा वाहतूकखर्च कोणी उचलायचा, यावर ती अंमलबजावणी अडते.

वायुप्रदूषणाबाबत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, धूलिकण व पारा यांच्या मर्यादा ठरवल्या. सल्फर डायऑक्साइड शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याची मुदत मात्र वारंवार वाढत गेली. 2025 च्या सुधारित अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूट दिली, तरी दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आतील केंद्रांसाठी बंधन कायम ठेवले. नागपूरच्या वेशीवरील केंद्राच्या दृष्टीने हा निकष महत्त्वाचा आहे.

कोराडी येथे 660 मेगावॉटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यासाठीची जनसुनावणी मे 2023 मध्ये झाली. निवृत्त संचांची जागा व पायाभूत सुविधा उपलब्ध आहेत आणि नवे संच कमी कोळशात अधिक वीज देतील, अशी बाजू निर्मिती कंपनीची आहे. आसपासच्या गावांतील रहिवासी व नागपुरातील पर्यावरणवादी संघटना यांनी मात्र आधीच्या संचांच्या राखेची आणि धुराची व्यवस्था प्रथम पूर्ण करावी, अशी मागणी लावून धरली आहे.