दिवेलागणीच्या आत घरी: ग्रामीण विदर्भातली पोरांची रात्रबंदी

दिवेलागणीच्या आत घरी येणं ही विदर्भातल्या गावांमधली लहान आणि किशोरवयीन मुलांसाठीची अलिखित वेळमर्यादा आहे. अंधार पडायच्या आधी पोट्टे-पोट्ट्या घरात दिसले पाहिजेत, एवढाच नियम. तो कुठल्या कायद्यात नाही, फलकावर नाही, पण आई सकाळी डबा देतानाच सांगून टाकते, "अंधार पडाच्या आंदी घरी येजो", आणि संध्याकाळी पोरगं दिसलं नाही तर आजी ओट्यावर येऊन हाका मारते, मग पारावर बसलेले म्हातारेही विचारतात की कोणाचा आहे रे तो अजून बाहेर.

मुंबई-पुण्याकडे "सातच्या आत" म्हणतात, इकडे घड्याळापेक्षा उजेड बघतात, आणि त्याला कारण आहे. विदर्भ महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, त्यामुळे इथे सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरात नागपूर, चंद्रपूरकडे साडेपाचच्या सुमारासच दिवस बुडतो, मुंबईत तेव्हा अजून अर्धा तास उजेड असतो. पाच वाजता शाळा सुटलेली पोरगी दोन-तीन किलोमीटर पायी चालत येणार असेल तर ती काही न करता, कुठे न थांबता सुद्धा नियम मोडते. जूनमध्ये तीच मर्यादा आपोआप सातपर्यंत लांबते.

कायद्याचं बोलायचं तर भारतात फक्त अल्पवयीनांसाठी म्हणून कायमची रात्रीची संचारबंदी नाही. संचारबंदी लागते ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीचं आपलं जुनं कलम १४४, आणि तो आदेश लहान-मोठा असा फरक करत नाही, साधारण दोन महिन्यांपेक्षा जास्त चालतही नाही. मार्च २०२१ च्या शेवटी कोरोनामुळे राज्यभर रात्री ८ ते सकाळी ७ अशी बंदी लागली होती तीही सगळ्यांनाच होती. अमेरिकेत मात्र शहरं स्वतःचे नियम करतात, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला १८८० चा नियम तिथला पहिला मानतात. आइसलँडमध्ये तर देशभर कायदाच आहे, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री ८ नंतर आणि उन्हाळ्यात १० नंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही, १३ ते १६ वाल्यांना दोन तास जास्त. म्हणजे तिथेही उजेडाचाच हिशोब. अमेरिकेतल्या अशा नियमांवरच्या १२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये निघाला, त्यात मुलांचे गुन्हे किंवा मुलांवर होणारे गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे ग्रामसभा असे ठराव घेतात, पण ते रात्री फिरण्यापेक्षा मोबाइलवर जास्त असतात. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव घेतला होता, त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी ७ चा भोंगा सुरू केला, भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. असे ठराव गावाच्या संमतीवर चालतात. ग्रामपंचायतीला कोणाच्या पोराला रस्त्यावरून पकडून कोंडायचा अधिकार नाही, आणि नियम पाळला नाही म्हणून एखाद्या घराला वाळीत टाकलं तर तो महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा होतो. हे ठरावाच्या आधी गावात मोठ्याने वाचून दाखवायला पाहिजे, कारण ज्या लोकांवर इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का मारला आणि पोलिसांकडे हजेरी लावली, त्यांच्या वस्तीला रात्री कुठे होतास हा प्रश्न आजही वेगळाच ऐकू येतो. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी बेड्यावरचं, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतलं, पोरगं रात्री रस्त्यावर दिसलं आणि पाटलाचं दिसलं तर दोघांना एकसारखं विचारलं जात नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडच्या जंगलपट्ट्यात या नियमाचं खरं कारण वाघ-बिबट आहे. ताडोबाच्या आसपास, ब्रह्मपुरीकडे वाघ फिरत असला की वनविभागाचे लोक आणि दवंडी दोन्ही सांगतात, संध्याकाळनंतर एकट्याने निघू नका, लहान मुलांना अंगणात ठेवू नका. बिबट्याचा धोका मुलांना जास्त, कारण उंची कमी, आणि खाली बसलेलं माणूस त्याला जनावरासारखंच दिसतं. म्हणून अंधारात शौचाला बाहेर जाणं सगळ्यात वाईट. तिथे घरात संडास आणि गल्लीत चालू असलेला लाइट हेच पोरांना वाचवतात, नुसतं रागावून काही होत नाही.

पण हा नियम सगळ्यांना सारखा नाही. पोरगी सहाला घरात आणि तिच्याच वयाचा भाऊ रात्री बापासोबत वावरात. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाइट पाळीपाळीने मिळते, रात्रीची पाळी आली की हरभरा-गव्हाचं ओलित रात्रीच करावं लागतं, वरून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक खातात म्हणून जागल असते, मचाणावर बसायला पोट्ट्याला नेतात. बालमजुरी कायद्यात १४ ते १८ च्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामाला लावायची मनाई आहे, घरच्या कामात हातभाराला सूट आहे ती शाळेच्या वेळेबाहेरची, पण रातभर जागलेलं पोरगं सकाळी वर्गात झोपतं त्याचं काय? साप, विंचू, उघडी विहीर, पंपाचा शॉक हे सगळं त्याच रात्रीत असतं. २०१७ मध्ये सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज द्यायची म्हणून आहे, ती ज्या फीडरवर (गावाला वीज देणाऱ्या लाइनवर) पोचली तिथे पोरं खरोखर रात्री घरी झोपू शकतात.

पोरींचं नुकसान उलट्या बाजूने होतं. तालुक्याला अकरावी-बारावीला जाणारी पोरगी शेवटची एसटी चुकली की अंधारात पोचते, असं दोन-तीनदा झालं की घरात कॉलेज बंद करायची गोष्ट निघते, कधी कधी लग्नाचीच. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस १२५ मागास तालुक्यांत मुलींना मोफत नेतात-आणतात त्याचा फायदा म्हणूनच मोठा आहे. बस वेळेत आली तर नियम आणि शिक्षण दोन्ही टिकतात, बस फेल झाली की भुर्दंड पोरीलाच.

आणि वर्षातल्या काही रात्री हा नियम गावच उठवतं. भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, नाटकं सुरू होतात, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं केंद्र. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, लहान पोरं चादर घेऊन पुढे बसतात, तिथेच झोपतात. गडचिरोलीच्या माडिया आदिवासींच्या गावांत संध्याकाळी पोरापोरींनी गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, जमणं हीच रीत. म्हणजे अंधाराला बंदी नाही, एकटं असण्याला आहे.

रात्री एकटं मूल दिसलं तर पोलीस पाटलांना सांगावं किंवा १०९८ वर फोन करावा, हा नंबर चोवीस तास चालतो. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही, एक रात्र सुद्धा नाही.