तपासणीची ‘फी’ आणि फुकटचं पनीर

हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला: अन्न सुरक्षा अधिकारी आले की तपासणी फी रोख द्यायची, नमुन्याचा माल फुकट द्यायचा.

ही समजूत का पसरली, ते कळतं. परवाना, नूतनीकरण, महापालिकेचं शुल्क असे पैसे खरोखरच भरावे लागतात, त्यात आणखी एक खपून जातं. पण फी असते ती परवान्याची किंवा नोंदणीची. 2011 च्या नियमांत लहान व्यावसायिकाच्या नोंदणीला वर्षाला फक्त 100 रुपये ठेवले होते! अधिकारी दारात आल्याचे वेगळे पैसे नसतात.

नमुन्याचं तर उलटंच आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं कलम 38 वाचा: नमुना घेतला की नेहमीच्या विक्रीदराने त्याची किंमत अधिकाऱ्याने दुकानदाराला द्यायची. म्हणजे पनीर नेलं, तर पनीरचे पैसे तुम्हाला. कलम 47 प्रमाणे त्या नमुन्याचे सहसा चार भाग होतात, प्रत्येकावर सील लागतं, तुमची सही घेतली जाते.

कायद्याची प्रत सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळते. तरीही कुणी रोख मागितलीच, तर शांतपणे विचारा, “साहेब, कुठल्या कलमाखाली? पावती मिळेल ना?”