डोक्यातलं गाणं गातं कोण?

कोल्हापुरात अनंत चतुर्दशीची मिरवणूक महाद्वार रोडवरून दुसऱ्या दिवशी कधीतरी संपते. डॉल्बी बंद होतो, गाणी मात्र बंद होत नाहीत. पुढचे काही दिवस राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत निम्मं शहर मनातल्या मनात त्याच दोन ओळी घोळवत असतं. त्याच दिवसांत मोबाईलवर एक मेसेज फिरत होता: डोक्यात सतत गाणं वाजणं हे मेंदू थकल्याचं आणि त्यात ‘नकारात्मक लहरी’ साठल्याचं लक्षण आहे, रोज रात्री 432 हर्ट्झचं संगीत ऐका, मेंदू शुद्ध होईल. शिकलीसवरली माणसं तो पुढे पाठवत होती, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

आधी त्या 432 चं पाहू. पाश्चात्त्य वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून मध्य सप्तकातल्या ‘ए’ या स्वराची कंपनं सेकंदाला 440, म्हणजेच 440 हर्ट्झ, धरायची, असा संकेत 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरला. तो सोयीसाठी आहे. 440 ऐवजी 432 धरलं तर सगळं गाणं अर्ध्या सुराच्या साधारण एक तृतीयांशाने खाली उतरतं, बाकी काही होत नाही. आपल्या संगीतात तर षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो. कुणी पेटीच्या पांढरी एक पट्टीमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत 1883 पासून किती वेगवेगळ्या षड्जांतली गाणी झाली असतील! त्यांतला एखादा आकडाच मेंदू धुऊन काढतो, या म्हणण्याला कसलाही आधार नाही. असा दावा करून अ‍ॅप विकणं मला गंडेदोरे विकण्याइतकंच गैर वाटतं.

आणि मुळात गाणं अडकणं हा आजारच नाही. फिनलंडमध्ये लासी लिक्कानेन या संशोधकाने बारा हजारांहून जास्त लोकांना हा प्रश्न विचारला. आठवड्यातून एकदा तरी डोक्यात गाणं अडकतं, असं सांगणारे त्यांत नव्वद टक्क्यांच्या घरात होते. मेंदूचा हा रोजचा उद्योग आहे आणि तो कसा चालतो ते समजलं की थक्क व्हायला होतं.

आपण म्हणतो, ‘गाणं डोक्यात वाजतंय.’ वाजतंय म्हटलं की आपण ऐकणारे झालो. यात अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या डेव्हिड क्रेमर आणि सहकाऱ्यांचा 2005 सालचा प्रयोग बघा. लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून गाणी ऐकवली आणि मध्येच दोन ते पाच सेकंद आवाज पूर्ण बंद केला. गाणं ओळखीचं असेल, तर त्या शांततेतही मेंदूचा ध्वनी समजून घेणारा भाग काम करत राहिला. ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं की त्या रिकाम्या जागेत गाणं मनात चालूच होतं. अनोळखी गाण्याच्या वेळी तो भाग इतका जागा राहिला नाही. मनातल्या मनात चालू ठेवा, अशी सूचना कुणी दिलेली नव्हती. मेंदूने गाळलेली जागा आपणहून भरली.

आता उरलेलं अर्धं. त्याच्याही आधी, 1999 साली, आंद्रेआ हाल्पर्न आणि रॉबर्ट झातोरे यांनी ओळखीच्या सुरावटीचे सुरुवातीचे काही स्वर ऐकवून पुढचं मनात चालू ठेवायला सांगितलं होतं. ध्वनीचा भाग जागा झालाच, पण त्याबरोबर मेंदूच्या वरच्या बाजूचा, हालचालींची आखणी करणारा एक पट्टाही कामाला लागला. ओठ हलले नव्हते, आवाज निघाला नव्हता. तरी बोलण्या-गाण्याच्या हालचालींची तयारी करणारी यंत्रणा जागी होती. म्हणजे डोक्यात गाणं चालू असतं तेव्हा आपण ते ऐकत असतोच, पण बहुधा गातही असतो. फक्त गळ्यापर्यंत हुकूम पोहोचत नाही.

हे गाणं चालतं कसं, हे समजायला थोडं स्मरणशक्तीच्या आत शिरावं लागेल. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ‘कार्यस्मृती’ची कल्पना मांडली. हातातलं काम चालू असताना जेवढी माहिती मेंदू वर धरून ठेवतो, ती कार्यस्मृती. तिच्यातला एक भाग खास आवाजासाठी राखलेला आहे आणि त्याची दोन अंगं आहेत. पहिलं अंग म्हणजे ध्वनीचा साठा: ऐकलेलं त्यात शिरतं आणि साधारण दोन सेकंदांत विरायला लागतं. दुसरं अंग म्हणजे उजळणी: विरण्याच्या आत आपण ते मनात पुन्हा उच्चारतो, तो उच्चार पुन्हा साठ्यात जातो, पुन्हा विरायला लागतो, पुन्हा उच्चारतो. कुणी फोन नंबर सांगितला आणि पेन सापडत नसलं की आपण पुटपुटत राहतो, ते हेच.

या दुसऱ्या अंगात खरोखर तोंडाची यंत्रणा वापरली जाते, हे बॅडलींनी फार सुंदर रीतीने दाखवलं. 1975 च्या प्रयोगांत असं दिसलं की छोटे शब्द माणसाच्या जास्त लक्षात राहतात आणि लांबलचक शब्द कमी. हिशेब केला तर कुठल्याही माणसाला साधारण तेवढेच शब्द आठवतात, जेवढे तो दोनेक सेकंदांत उच्चारू शकतो. शब्द किती आहेत यापेक्षा ते म्हणायला किती वेळ लागतो, हे महत्त्वाचं ठरतं. ‘दोन, सात, पाच’ सहज टिकतं. ‘एकोणसत्तर, त्र्याऐंशी, अठ्ठ्याण्णव’ तितकं टिकत नाही. मग त्यांनी लोकांना पडद्यावर शब्द दाखवले आणि त्याच वेळी तोंडाने एक निरर्थक आवाज सतत काढायला लावला. लांब आणि आखूड शब्दांतला फरक नाहीसा झाला! तोंडाची यंत्रणा दुसरीकडे गुंतवल्याबरोबर मनातली उजळणी थांबली. याचा अर्थ मनातली उजळणी आणि तोंडाचं बोलणं एकाच रस्त्याने जातं, आणि त्या रस्त्यावर एका वेळी एकालाच जागा आहे.

गाण्याचा मुखडा दोन सेकंदांपेक्षा मोठा असतो, मग तो या साठ्यात मावतो कसा? तो सगळा एकदम मावावाच लागत नाही. सुरावट दीर्घकालीन स्मृतीत पक्की असते आणि तिथे ती साखळीसारखी साठवलेली असते: प्रत्येक स्वर पुढच्या स्वराची आठवण करून देतो. गाण्यातले दोन शब्द दाखवून ते मनात तपासायला सांगितलं, तर त्या दोन शब्दांमध्ये जितक्या जास्त मात्रा तितका जास्त वेळ लोकांना लागतो, हे हाल्पर्न यांनी 1988 मध्येच मोजलं होतं. मधल्या मात्रा गाळून मेंदूला उडी मारता येत नाही, सुरुवातीपासून चालत जावं लागतं. कार्यस्मृतीतली उजळणी एक तुकडा उच्चारते, तो तुकडा दीर्घकालीन स्मृतीतून पुढचा तुकडा ओढून आणतो, आणि असं गाणं पुढे सरकतं.

सरकता सरकता ते मुखड्याच्या शेवटी येतं, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. आपली गाणी, अभंग, बंदिशी यांची रचनाच अशी असते की मुखड्याचा शेवट पुन्हा मुखड्याच्या सुरुवातीला हात देतो. ख्यालात आलाप-ताना झाल्या की मुखडा पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. भजनात प्रत्येक चरणानंतर ध्रुवपद, आणि ते टाळकऱ्यांनी पुन्हा उचलायचं. तालीम मंडळाच्या मांडवात तासभर भजन ऐकलं तर ध्रुवपदाचा शेवट आणि त्याचीच सुरुवात यांची गाठ कितीतरी वेळा पक्की होते. अंतऱ्याचा दुवा त्या मानाने कच्चा राहतो. मग मेंदू मनात गायला लागला की मुखड्याच्या शेवटाला दोन रस्ते असतात, एक अंतऱ्याकडे जाणारा आणि एक पुन्हा मुखड्याकडे. तो रुळलेला रस्ता धरतो. गाणं ‘अडकतं’ ते असं. अख्खं गाणं सहसा अडकत नाही, नेमके तेच दोन-तीन चरण फिरत राहतात, याचा उलगडा मला तरी यातूनच होतो.

कुठली गाणी जास्त अडकतात? केली जाकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये तीन हजार लोकांकडून अडकणाऱ्या गाण्यांची नावं घेतली. त्यांतली शंभर निवडली आणि तितक्याच लोकप्रिय, पण कुणीही नाव न घेतलेल्या गाण्यांशी ताडून पाहिली. अडकणाऱ्या गाण्यांची लय जरा जलद होती. त्यांच्या सुरावटीचा एकूण आकार अगदी साधा, बडबडगीतांसारखा चढून उतरणारा होता. आणि त्या साधेपणात कुठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा स्वराची नेहमीपेक्षा जास्त आवर्तनं होती. उचलायला सोपं आणि विसरायला अवघड, असं हे मिश्रण. मिरवणुकीतली गाणी आणि सकाळी दारात येणाऱ्या टिपरवरची, म्हणजे कचरागाडीवरची, गाणी आठवून बघा. शिवाय टिपर रोज येते, म्हणजे पुनरावृत्तीचीही सोय झालेली.

वेळही ठरलेली असते. भांडी घासताना, केएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेलं असताना, रंकाळ्याला फेरी मारताना. मेंदूला पुरेसं काम नसलं की रिकाम्या जागेत गाणं शिरतं. अमेरिकेतल्या आयरा हायमन यांच्या प्रयोगात मात्र एक नवी गोष्ट दिसली: काम फार सोपं असेल तेव्हा गाणं येतं, तसं ते फार अवघड असेल तेव्हाही येतं, कारण मन कामातून निसटतं. म्हणून परीक्षेत न येणाऱ्या गणितापाशी नको ते गाणं सुरू होतं. त्यात मुलाचा दोष नाही. पालकांनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घालवायचं कसं? ‘आता हे गाणं नकोच’ असं ठरवू नये. नको म्हणून बजावलेला विचार उलट जास्त येतो, हे डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये दाखवलं आहे. मध्यम अवघड काम घ्यावं, शब्दकोडं किंवा सुडोकू चालेल. आणि सगळ्यात चांगला उपाय वरच्या सगळ्या विवेचनातून आपोआप निघतो: मनातलं गाणं तोंडाच्या यंत्रणेवर चालत असेल, तर ती यंत्रणाच दुसरीकडे लावायची. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात फिलिप बीमन यांच्या गटाने 2015 मध्ये नेमकं हेच केलं. चटकदार गाणं ऐकवल्यावर काहींना च्युइंगगम चघळायला दिलं. चघळणाऱ्यांच्या मनात गाणं वाजण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. बोटांनी टेबलावर ताल धरून तितका फरक पडला नाही. जबडाच हलावा लागला. त्यांनी च्युइंगगम वापरलं, पण तत्त्व जबड्याचं आहे. उसाची कांडी किंवा मूठभर भडंग वापरून बघायला काय हरकत आहे?

एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. काही वयस्कर माणसांना, त्यातही ऐकू कमी येणाऱ्या बायकांना, गाणं डोक्यात नव्हे तर बाहेरून, शेजारच्या घरातून यावं तसं स्पष्ट ऐकू येतं. रात्री भजन ऐकू येतं, बँड ऐकू येतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाच येत नाही. हे अडकलेलं गाणं नव्हे, हा भास असतो. कानाकडून येणारी माहिती घटली की मेंदू ती उणीव स्वतःच्या साठ्यातून भरून काढतो, असं त्याचं एक कारण मानलं जातं. अशा आजीला ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋष्याकडे नेणारी घरं आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. अंगारा आणि उतारा यांनी तिचं ऐकणं सुधारणार नाही आणि ती मात्र घाबरून आणखी गप्प होते. तिला सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे न्या. श्रवणयंत्राने पुष्कळांचा त्रास कमी होतो.

नेहमीच्या अडकलेल्या गाण्याचा तर उपयोगही असू शकतो. पेत्र यानाता आणि बेंजामिन क्युबिट यांच्या प्रयोगांत दिसलं की एखादी सुरावट मनात जितकी वाजत राहिली, तितकी ती आणि तिच्याबरोबर पाहिलेली दृश्यं पुढे चांगली आठवली. मनातलं गाणं बहुधा त्या दिवसाची उजळणीही करत असतं.

आणि ही उजळणी किती काटेकोर असते! सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीस जणांना दिवसातून कधीही फोनवर सूचना जायची: आत्ता डोक्यात गाणं असेल तर गुणगुणून रेकॉर्ड करा. जवळजवळ 45 टक्के वेळा ते मूळ गाण्याच्या नेमक्या पट्टीत निघालं, आणि 69 टक्के वेळा फार तर अर्ध्या सुराचा फरक. बारा स्वरांतून अंदाजाने बरोबर पट्टी लागण्याची शक्यता बारात एक, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास.

पण तिथली गाणी होती रेकॉर्ड केलेली, एकाच पट्टीतली. आपल्या भजनाला अशी मूळ पट्टी नसतेच. एका तालमीत ते काळी दोनमध्ये उचलतात, दुसरीत पांढरी पाचमध्ये. ते भजन अडकलं तर डोक्यात कुठल्या पट्टीत वाजेल? काल ऐकलेल्या, लहानपणी पहिल्यांदा ऐकलेल्या, की आपल्या गळ्याला सोयीच्या? कोल्हापुरात पेटीवाल्यांना तोटा नाही. गाणं अडकलं की लगेच फोनवर गुणगुणून ठेवा, संध्याकाळी पेटीवर पट्टी काढा आणि तारखेसह वहीत लिहा. शेजारी, शेवटचं ते कुठे आणि कुठल्या पट्टीत ऐकलं होतं तेही लिहा. दहा घरांनी महिनाभर एवढं केलं तरी उत्तराचा माग लागायला सुरुवात होईल.