स्फटिकांच्या सांध्यावर सापडलेला अर्धा पुंज

दोन अतिसंवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला मुळीच रोध न करणाऱ्या, तुकड्यांमध्ये नॅनोमीटरभर जाडीचा विद्युतरोधी थर असला, तरी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तो पार करतात. विद्युतदाब शून्य असतानाही धारा वाहते. केंब्रिजमधल्या ब्रायन जोसेफसन या 22 वर्षांच्या विद्यार्थ्याने 1962 मध्ये हे गणिताने मांडले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेत ते प्रत्यक्ष दिसले. अशा सांध्याला जंक्शन म्हणतात. नायोबियम या धातूची अशी जंक्शने पुढे सर्रास बनू लागली. फक्त त्यांना द्रवरूप हेलियमची थंडी लागते, आणि हेलियम महाग.

1987 मध्ये यिट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचे संयुग, म्हणजे वायबीसीओ, सुमारे 92 केल्विनला अतिसंवाहक होते असे आढळले. आता 77 केल्विनचा स्वस्त द्रवरूप नायट्रोजन पुरणार होता. पण जंक्शन काही जमेना. वायबीसीओमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा पसारा जेमतेम एक-दोन नॅनोमीटर असतो. पृष्ठभागावरचा थोडा ऑक्सिजन निसटला, की नेमका तेवढाच थर निकामी होतो.

तोड निघाली ती एका दोषातून. वेगवेगळ्या दिशांना वळलेले दोन स्फटिककण जिथे भिडतात, तो सांधा स्वतःच जंक्शनसारखा वागतो. त्यांच्यातला कोन वाढला, की सांध्यातून जाणारी धारा झपाट्याने घटते. तारा बनवणाऱ्यांची ही डोकेदुखी; उपकरणे बनवणाऱ्यांनी मात्र असे सांधे मुद्दाम घडवले.

त्यांचा सर्वांत सुंदर उपयोग, माझ्या मते, न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत झाला. वायबीसीओमधल्या जोड्यांची तरंगस्थिती सगळ्या दिशांना सारखी असते, की एका दिशेला धन आणि काटकोनात ऋण, यावर तेव्हा कडाक्याचा वाद होता. चँग त्सुई, जॉन कर्टली आणि सहकाऱ्यांनी तीन दिशांचे स्फटिक एकत्र जोडलेल्या पायावर वायबीसीओचा थर चढवला आणि तिघे मिळतात त्या बिंदूभोवती सूक्ष्म कडे कोरले. वाटेत तीन जंक्शने. कोन असे निवडले होते, की चिन्ह खरोखर बदलत असेल तर पूर्ण फेरीत एक ऋण चिन्ह शिल्लक राहावे. एरवी अतिसंवाहक कड्यातला चुंबकीय प्रवाह एका ठरावीक एककाच्या, म्हणजे पुंजाच्या, पूर्ण पटींतच असतो. हे ऋण चिन्ह मिटवायचे तर कड्यात आपोआप धारा सुरू व्हायला हवी आणि तिने चुंबकीय प्रवाहाचा बरोबर अर्धा पुंज, म्हणजे सुमारे 1.03×10⁻¹⁵ वेबर, निर्माण करायला हवा.

1994 मध्ये तेवढाच सापडला. शेजारी दोन जंक्शनांची आणि जंक्शन नसलेली कडीही होती. त्यांत असा अर्धा पुंज नव्हता. प्रयोगातली खरी चलाखी मला या शेजाऱ्यांत दिसते, कारण त्यांच्यामुळे दुसऱ्या स्पष्टीकरणांना फारशी जागा उरली नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधनसंस्थेने मुद्दाम सांधे घडवण्याची हीच युक्ती खाणकामाकडे नेली. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पायावर पायरी कोरायची; वायबीसीओचा थर ती ओलांडताना कडेवर सांधा आपसूक तयार होतो. अशा जंक्शनांचे चुंबकमापक द्रवरूप नायट्रोजनसह मोकळ्या रानात नेऊन भूगर्भातली खनिजे शोधली जातात.