इंग्रजीतील उभयान्वयी अव्यये

शब्द, पदबंध किंवा वाक्ये जोडणाऱ्या अविकारी शब्दांना इंग्रजी व्याकरणात कंजंक्शन म्हणतात. मराठीप्रमाणे इथेही प्रधानत्वबोधक (बरोबरीची वाक्ये जोडणारी) आणि गौणत्वबोधक (मुख्य वाक्याला त्यावर अवलंबून असलेले गौण वाक्य जोडणारी) असे दोन मोठे गट पडतात. पहिल्यात फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो ही सात मोजतात. आद्याक्षरांवरून त्यांना ‘फॅनबॉइज’ म्हणतात. त्यांतला फॉर ‘कारण’ या अर्थाने आता पुस्तकांबाहेर क्वचितच भेटतो.

दुसऱ्या गटात इफ, बिकॉज, ऑल्दो, अनलेस, व्हेन, सिन्स असे पुष्कळ शब्द आहेत. ते गौण वाक्याच्या सुरुवातीला बसतात. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, तरी विदर्भातल्या खेड्यांतली मुले अडखळतात ती इथेच. मराठीत ही अव्यये जोडीने चालतात : जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा. वऱ्हाडी बोलणारा त्यातला पहिला शब्द सहज गाळतो : ‘पानी आला तं पेरू.’ अटीचा सगळा भार त्या ‘तं’वर. इंग्रजीचे नेमके उलटे : ‘इफ इट रेन्स, वी विल प्लांट कॉटन’. पहिला शब्द हवाच, दुसरा ‘देन’ नसला तरी चालतो. म्हणून मुलाच्या वहीत इफ राहून गेला तर तो केवळ निष्काळजीपणा समजू नये.

‘जरी–तरी’मुळे दुसरी चूक होते : ‘ऑल्दो द वेल वॉज ड्राय, बट ही प्लांटेड ऑरेंजेस’. यातला एकच शब्द ठेवायचा, ऑल्दो किंवा बट. जुन्या, भारदस्त इंग्रजीत मात्र ऑल्दो–येट ही जोडी चालते.

‘वावरात जाऊन, कापूस वेचून घरी आला’ यात मराठीला अव्यय लागतच नाही. ‘ऊन’ प्रत्यय काम भागवतो. इंग्रजीत तीन क्रियापदे मांडून शेवटच्याआधी अँड घालतात : ‘ही वेंट टू द फील्ड, पिक्ड कॉटन अँड केम होम’.

अनलेसमध्ये नकार मुरलेला असतो. ओलीत न केल्यास झाडे वाळतील, हे सांगताना ‘अनलेस यू इरिगेट’ एवढेच म्हणायचे, त्यात ‘डोंट’ घातला की अर्थ उलटतो. आयदर–ऑर, नायदर–नॉर या इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या. त्यांत क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते : ‘नायदर द फार्मर नॉर द लेबरर्स वेअर पेड’.