शाळाभेट (शिक्षकांची)

शाळाभेट : एका शाळेतल्या शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग चालू असताना बसून पाहणे, त्याचे टाचण (पाठाची आधी लिहून ठेवलेली आखणी), साहित्य आणि मुलांच्या वह्या चाळणे व त्यातले झेपेल ते आपल्या वर्गात करून बघणे, या रीतीला प्राथमिक शिक्षणात शाळाभेट किंवा अभ्यासभेट म्हणतात. अधिकाऱ्याच्या तपासणीहून ती वेगळी. पाहुणा आणि यजमान दोघेही खडू हातात धरणारेच असतात, शेरेबुकात काय लिहिले जाईल याची धास्ती नसते. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमुळे (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट) या रीतीचा महाराष्ट्रभर बोलबाला झाला.

शेजारच्या शाळेकडून शिकण्याची कल्पना त्याआधीची आहे. कोठारी आयोगाने (1964–66) जवळपासच्या शाळांचा समूह बांधण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात पुढे केंद्रशाळा (आसपासच्या शाळांच्या समूहातली मुख्य शाळा) आणि त्या समूहावर देखरेख करणारा केंद्रप्रमुख ही व्यवस्था आली. केंद्रातल्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात, कोणीतरी नमुना पाठ घेतो, बाकीचे पाहतात. निदान अपेक्षा तशी आहे. प्रत्यक्षात परिपत्रके, पोषण आहाराचे हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचना यांतच परिषदेचा बराच वेळ जातो. शिवाय नमुना पाठ पुष्कळदा तयारीच्या मुलांवर घेतलेला असतो. पाठ देखणा होतो, पण अडलेल्या मुलाचे काय करायचे हे त्यातून कळत नाही.

कुमठे बीटमध्ये सुमारे 40 जिल्हा परिषद शाळा होत्या. तिथे शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः करून, अनुभवातून शिकावे अशा रीतीने, वर्ग चालवायला घेतले. मुले गटागटाने जमिनीवर बसत. फरशीवर संख्यांच्या व अक्षरांच्या चौकटी आखलेल्या असत. खडे, मणी, काड्या, बाटल्यांची झाकणे असे फुकटात मिळणारे साहित्य हाताशी असे. 22 जून 2015 रोजी राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला. त्या सुमारास हे वर्ग पाहायला इतर जिल्ह्यांतून शिक्षकांची रीघ लागली. गावी परतल्यावर अनेकांनी सर्वांत आधी ऑइलपेंटचे डबे आणले. राज्यात ठिकठिकाणी फरश्या रंगल्या. त्यातल्या कित्येक फरश्यांवर पुढे सतरंजी अंथरून पूर्वीसारखेच पाढे घोकणे सुरू राहिले. दोष कुमठ्याचा नव्हता. भेटीत जे डोळ्यांत भरते ते फोटोत येते. बाईंनी मुलाला काय विचारले आणि उत्तर येईपर्यंत त्या किती वेळ गप्प राहिल्या, हे फोटोत येत नाही.

कसे पाहावे याचे एक उदाहरण वजाबाकीचे देता येईल. 42 मधून 17 वजा करताना दुसरी-तिसरीतली बरीच मुले 35 उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करून मोकळी होतात. पाहुण्या शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बसण्यापेक्षा अशा एका मुलाशेजारी बसावे. जाणकार शिक्षक इथे ‘चूक’ म्हणून फुली मारत नाही. तो मुलापुढे दहा-दहा काड्यांचे, रबर लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवतो आणि म्हणतो, “यातल्या सतरा मला दे.” मूल दोन सुट्या देते, अडते, इकडेतिकडे पाहते आणि अखेर स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढते. रबर काढायचे मुलाला सुचायला हवे. गुरुजींनी काढून दिले की पाठ संपला. हे तिथल्या तिथे पाहिलेल्या शिक्षकाला आपल्या शाळेत रंगाचा डबा लागत नाही. जपानमधील ‘जुग्यो केन्क्यू’ या पाठ-अभ्यासाच्या परंपरेतही एकजण शिकवतो, तर जमलेले शिक्षक शिकवणाऱ्यापेक्षा मुलांवर नजर ठेवतात आणि नंतर चर्चा मुलांनी काय केले यावर होते.

यजमान शिक्षकाची जुनी टिपणेही तितकीच कामाची असतात, मात्र ती केवळ शाबासकीसाठी लिहिलेली नसावीत. ‘उपक्रम यशस्वी झाला, विद्यार्थ्यांना आनंद मिळाला’ या छापाच्या अहवालातून दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. कोणत्या मुलाला काय येत नव्हते, आधी काय करून पाहिले, ते का फसले आणि मग काय बदलले, एवढे चार ओळींत असले तरी पुरते. वर्गाचा पट किती, वर्ग एकच की जोडवर्ग (एका शिक्षकाकडे एकत्र बसणाऱ्या दोन-तीन इयत्ता), मुलांची घरची भाषा कोणती, हेही त्यात हवे. कराड भागात ऊसतोडणीच्या हंगामापुरत्या आलेल्या मुलांसाठी केलेली युक्ती साताऱ्यातल्या पेठेतल्या शाळेला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही.

सातारा जिल्ह्यात या रीतीपुढची मोठी अडचण भूगोलाची आहे. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांत कमी पटाच्या द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. एक शिक्षक भेटीला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात पहिलीपासूनचे सगळे वर्ग पडतात. पावसाळ्यात तर वाडीवरून खाली उतरण्यातच निम्मा दिवस जातो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे आणि शाळासमूहांवरही पुन्हा भर दिला आहे. मात्र भेटीच्या दिवशी मागे राहिलेला वर्ग कोणी सांभाळायचा, हे अशा शाळांत अजूनही शेजारच्या वस्तीवरच्या शाळेतल्या गुरुजींच्या सवडीवर ठरते.