आयराफ कुठे गप्प बसतं: हान्लेचा वर्णपट उलगडताना

लडाखमधल्या हान्लेच्या २ मीटर हिमालयन चंद्रा दुर्बिणीवर ताऱ्याचा वर्णपट घेतला की हाती लागते ती एक फिट्स फाइल (खगोलशास्त्रात चित्रं साठवायचा नेहमीचा प्रकार). ती उघडली तर करड्या चित्रात पांढुरकी पट्टी दिसते, तो तारा. तिला काटकोनात छेदणाऱ्या रेषा म्हणजे रात्रीच्या आकाशाचा स्वतःचा उजेड, आणि इकडेतिकडे विखुरलेले टोकदार ठिपके वैश्विक किरणांचे. या चित्रातून ‘कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश’ असा आलेख काढण्याच्या कामाला रिडक्शन म्हणतात. इथे उदाहरण घेतलंय ते या दुर्बिणीवरच्या एचफॉस्क या वर्णपटमापकाचं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली वेधशाळेतला आयफॉस्क याच घराण्यातला, त्यामुळे थोड्याफार फरकाने हीच वाट तिथेही चालते.

यासाठी अजूनही सर्रास वापरलं जातं ते आयराफ हे सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वेधशाळेत १९८०च्या दशकात ते तयार झालं. २०१३ नंतर तिथलं काम जवळपास थांबलं आणि आता जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. पायथनमध्ये पाइपइटसारखी नवी साधनं आहेत आणि ती पुष्कळ कामं आपोआप करतात. तरी शिकायला आयराफच बरं, कारण प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर घडते. त्याची खोड एकच, पण मोठी: चुकीची माहिती दिली तरी ते अडत नाही, मुकाट्याने चुकीचा वर्णपट काढून देतं.

उबुंटू या लिनक्सवर एपीटी या आज्ञेने ‘आयराफ’ हे पॅकेज थेट बसतं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू घ्यायचं. ३२-बिट लायब्ररी शोधायला लावणाऱ्या जुन्या सूचना आता विसरलेल्या बऱ्या. सोबत चित्रं पाहायला डीएस-नाइन आणि आलेखांसाठी एक्सजीटर्म ही खास टर्मिनल खिडकी हवी. साध्या टर्मिनलमधून आयराफ चालवलं की आलेखाच्या जागी अक्षरांचा कचरा सांडतो, त्याचं कारण एक्सजीटर्म नसणं हेच. मग कामाच्या फोल्डरमध्ये एमके-आयराफ ही आज्ञा चालवायची. ते ‘लॉगिन डॉट सीएल’ ही फाइल तयार करतं. तीत ‘एसटीडी-इमेज’ची ओळ शोधून तिच्यापुढचं हॅशचं चिन्ह काढायचं आणि किंमत ‘आयएमटी-४०९६’ करायची. एचफॉस्कचा सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) २०४८ बाय ४०९६ पिक्सेलचा आहे. ही ओळ तशीच ठेवली तर डीएस-नाइनमध्ये चित्राचा एक तुकडाच दिसतो, आणि फाइलच अर्धवट आली असं वाटतं.

पहिल्या पायऱ्या सरळ आहेत. बायस चित्रांचा (प्रकाश न घेता, शून्य वेळेत टिपलेल्या चित्रांचा) मध्यक काढून तो सगळ्या चित्रांतून वजा करायचा. हॅलोजन दिव्याच्या फ्लॅटने (पिक्सेलांच्या संवेदनक्षमतेतले फरक दाखवणाऱ्या चित्राने) भागण्याआधी ‘रिस्पॉन्स’ने त्या दिव्याचा स्वतःचा रंग काढून टाकायचा. वैश्विक किरण ‘एलए-कॉस्मिक’ने पुसायचे, पण पुसलेले पिक्सेल एकदा चित्रात पाहायचे, कारण उंबरठा फार खाली ठेवला तर खऱ्या अरुंद उत्सर्जन रेषाही जातात.

खरं काम चित्रातून वर्णपट काढणाऱ्या ‘एपऑल’मध्ये, आणि सापळेही तिथेच. आधी ‘स्पेकरेड’ पॅकेजमधली अपस्करणाची, म्हणजे रंग पसरण्याची, दिशा पाहा. ती मुळात १, म्हणजे आडवी असते. रंग उभ्या दिशेने पसरलेले असतील तर ती २ करायची. मग ‘ईपार’ने (किमती बदलायची आज्ञा) एपऑल उघडा. ‘बॅकग्राउंड’पुढे ‘नन’ लिहिलेलं असतं. ते ‘फिट’ केलं नाही तर आकाश वजाच होत नाही, आणि ५५७७ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथली ऑक्सिजनची हिरवी रेषा ताऱ्याच्या माथी बसते. ‘रीडनॉइज’ (चिप वाचताना येणारा गोंगाट) शून्य आणि ‘गेन’ (चित्रातल्या एका एककामागे किती इलेक्ट्रॉन) एक असतो, एचफॉस्कसाठी ४.८ आणि १.२२ लिहायचे. त्याशिवाय ‘व्हेरिअन्स’ वजनं (कमी गोंगाटाच्या पिक्सेलना जास्त महत्त्व) आणि ‘क्लीन’ (बिघडलेले पिक्सेल गाळणं) यांना काही अर्थ राहत नाही. पट्टीचा माग घेणाऱ्या वक्राचा क्रम २ असतो, बहुधा ३ किंवा ४ लागतो. त्याहून वाढवला तर निळ्या टोकाला, जिथे प्रकाश जेमतेम असतो, वक्र भरकटतो. जुन्या प्रयोगातल्या किमती आयराफ लक्षात ठेवतं, म्हणून नवा डेटा घेताना आधी ‘अनलर्न’ने मूळ किमती परत आणाव्यात.

आकाशाचा नमुना कुठून घ्यायचा हे ‘बी’ दाबून ठरवता येतं. एकटा तारा असेल तर दोन्ही बाजूंची कोरी पट्टी पुरते. दीर्घिकेतला सुपरनोव्हा असेल तर मात्र एका बाजूला दीर्घिकेचा उजेड जास्त असतो, आणि पट्ट्या हाताने निवडाव्या लागतात.

तरंगलांबी ठरवायला ओळखीच्या रेषांचा दिवा लागतो: ग्रिझम (रंग पसरवणारा घटक) ७ ला लोह-आर्गॉन आणि ग्रिझम ८ ला लोह-निऑन दिवा वापरतात. दिव्याचा वर्णपट ताऱ्याच्याच मागावरून काढायचा: ‘रेफरन्स’मध्ये ताऱ्याची फाइल, ‘रिसेंटर’, ‘ट्रेस’ आणि ‘क्लीन’ बंद, बॅकग्राउंड ‘नन’. (इथे मात्र ‘नन’ बरोबर.) फटीची प्रतिमा किंचित वाकडी पडते, म्हणून दुसऱ्या ओळीवरून काढलेला दिवा तरंगलांबी सरकवतो. मग ‘आयडेंटिफाय’मध्ये ओळखीच्या रेषांवर ‘एम’ दाबून तरंगलांबी लिहायची. ग्रिझम ८ मध्ये ६४०२.२५, ६६७८.२८ आणि ७०३२.४१ या निऑनच्या रेषा ठळक असतात. ‘एफ’ने वक्र बसवायचा, ‘एल’ने उरलेल्या रेषा यादीतून भरायच्या, फटकून असलेल्या ‘डी’ने काढायच्या. शिल्लक चूक पिक्सेलच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शात यावी. पण वक्राचा क्रम वाढवत नेला की चूक कशीही कमी दिसते. रेषा नसलेल्या टोकांना वक्र कुठे जातो ते पाहावं. हे उत्तर ‘डेटाबेस’ नावाच्या उपफोल्डरमध्ये साठतं, म्हणून फोल्डर बदलून ‘डिस्पकॉर’ (वर्णपटाला तरंगलांबी लावणारी आज्ञा) चालवलं तर ते सापडत नाही.

ताळा घेणं सोपं आहे. ‘एक्स्ट्राज’ चालू असेल तर एपऑल चार थर लिहितं आणि तिसरा थर आकाशाचा असतो. त्यात ५५७७.३ आणि ६३००.३ या रेषा जिथे हव्या तिथे आहेत का, ते ‘स्प्लॉट’ने मोजायचं. एक अँगस्ट्रॉमचा फरक एच-अल्फा या हायड्रोजनच्या रेषेपाशी सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर वेगाइतका पडतो. ग्रिझम ७ ची विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) सुमारे १३३०, म्हणजे त्याची पोच सेकंदाला २२५ किलोमीटर वेगापर्यंत. त्यापेक्षा बारीक वेग सांगताना जपून.

तीव्रतेसाठी फीगे ३४ सारखा प्रमाण तारा (ज्याची तीव्रता आधीच माहीत आहे असा) घेऊन ‘स्टँडर्ड’, ‘सेन्सफंक’, ‘कॅलिब्रेट’ या क्रमाने जायचं. इथला डीफॉल्ट फसवा आहे: वातावरणातल्या शोषणाची फाइल ॲरिझोनातल्या किट पीकची असते, आणि ते ठिकाण सुमारे २१०० मीटरवर. हान्ले ४५०० मीटरवर, तिथे हवा विरळ. प्रमाण तारा आणि आपला तारा आकाशात साधारण सारख्याच उंचीवर असतील तर फरक कळतही नाही. नसतील तर निळ्या बाजूचा उतार बिघडतो. म्हणून हान्लेची फाइल घालावी. ६८७० आणि ७६०० अँगस्ट्रॉमजवळचे खोल खड्डे ताऱ्याचे नव्हेत, पृथ्वीच्या ऑक्सिजनचे.

दोन्ही ग्रिझमचे वर्णपट ५८०० ते ६८४० अँगस्ट्रॉममध्ये एकमेकांवर येतात. तिथे फरक सगळीकडे सारख्या पटीचा असेल तर फटीबाहेर सांडलेला प्रकाश हे कारण, आणि एका गुणकाने तो मिटतो. फरकाला उतार असेल तर गुणक लावू नये. सेन्सफंककडे परत जाऊन तिथला वक्र पुन्हा बसवावा.